एकच जंगल, दोन खाती

तीर्थरूप आईस,
दुरूनच पायांवर डोके ठेवतो.

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होते. तुझा गुडघा कसा आहे?

देशाचा धूर घटवण्याच्या आराखड्यात धूर शोषणारे एकच जंगल वनखाते आणि शेतीखाते, दोघांनीही आपापल्या नावावर मोजले आहे. कागदावर धूर दोनदा घटतो. आकाशात एकदाच. हिशेब तपासणारा म्हणून त्यावर माझी सही हवी होती; मी ती नाकारली.

साहेब म्हणाले, “तुम्ही कॉमर्सवाले. हवेतलं तुम्हाला काय कळणार?”

म्हटलं, “हवेतलं नाही कळत, साहेब. बेरीज कळते.”

उद्या पुन्हा बोलावले आहे. कदाचित घरीच धाडतील. तुझ्या सुनेला इतक्यात सांगू नकोस, ती झोपणार नाही. धाडले तर येईन, पण सही करून येणार नाही.

फक्त तुझेच ऐकणारा,
धाकटा