सात आठे चोपन्न

अहो,

तुम्हाला नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, आणि या वेळी ठीक म्हणते ते खरंखुरं.

लेकीच्या डोक्याला मार लागल्यापासून, गणिताची बाई असून, तिला साधी बेरीज जमत नव्हती. हे मी आजवर लिहिलं नाही. रागावू नका, तुमचं बीपी आधीच वरखाली.

संध्याकाळी टीव्हीवर एक खेळ लागतो. कधी अक्षरांतून शब्द करायचा, कधी सहा आकड्यांतून सांगितलेला आकडा जमवायचा, तोही अर्ध्या मिनिटात. खेळवणारा रोज नवा कोट घालतो, धुतो कधी कोण जाणे. अक्षरांचं मला झेपत नाही, तिसरीतच शाळा सुटली. आकड्यांना मात्र मी मोठ्याने उत्तर देते. नात म्हणते, "आजी, त्यांना ऐकू जात नाही." लेक नुसती बघत बसायची.

काल मी म्हटलं, "सात आठे चोपन्न." तर ही पटकन म्हणाली, "अगं आई, छप्पन्न. कारखान्यात शर्टांना बटणं लावायचीस, तेव्हा दोन-दोन खिशात घालायचीस का?" मग कागद ओढला आणि घड्याळ थांबायच्या आत आकडा जमवला. मी आपला चष्मा पुसत बसले.

गोळ्या वेळेवर घेता ना? कुंड्यांना पाणी?

तिला सांगू नका, पण लग्नानंतर सगळे पाढे तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलेत. सात आठे मी कशी चुकेन?

तुमची,
बटणवाली