मागच्या बाजूचं रबर

बाबा,

तुमची बॅट तुटली. कुणी आपटली नाही, हातातून पडली नाही. ऑफिसच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचा सराव चालला होता. डाव्या कोपऱ्यात चेंडू आला, मी नेहमीसारखी धावत वळसा घालून गेले, जोरात हात फिरवला आणि बॅटची कड टेबलाला लागली. तुमची ती जपानी बॅट एकाच फळीची. रेषेत उभी चिरत गेली ती थेट मुठीच्या कॉर्कपर्यंत. समोरून आमच्या लेखा विभागातली मुलगी धावत आली, "ताई, लागलं का वो?" म्हणत माझा हात पाहू लागली. हाताला काही झालं नव्हतं. तुम्हाला वाटेल मला रडू आलं असेल. नाही आलं. राग आला, आणि इतके महिने झाले तरी तो उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नवी बॅट घ्यायला नागपूरला गेले. दुकानात काउंटरवरची एक बॅट उचलून, पेन धरतो तशी धरून दाखवली. अंगठा आणि पहिलं बोट पुढे, बाकीची तीन बोटं मागे. दुकानदार हसला. "मॅडम, असं तर आता कोनीच खेळत नाही. ही आदत सोडा तुम्ही. शेकहँड घ्या, दोन महिन्यांत बसून जाईल हातात." सगळं जग बॅट हात मिळवल्यासारखी धरतं, भिंतीवर तशाच बॅटा टांगलेल्या होत्या, लांब मुठीच्या. मी म्हटलं, माझ्या हातात आता दुसरं काही बसणार नाही. तो म्हणाला, मग ऑनलाइन पाहा. ऑनलाइन पाहिलं. पेनहोल्ड असं स्पष्ट लिहिलेली बॅट मागवली, खोका उघडला तर आत लांब मूठ. ती परत केली. मग कळलं की नुसतं पेनहोल्ड म्हणून भागत नाही. लाकूड वेगळं घ्यायचं, त्याला ब्लेड म्हणतात, आणि रबर वेगळं घेऊन आपण चिकटवायचं. त्यात जपानी ब्लेड म्हणजे चौकोनी, कॉर्कच्या उंच मुठीचं, बोट अडकवायला खाच असलेलं, तुमचं होतं तसं. त्याला एकाच बाजूला रबर. चिनी ब्लेड गोलसर, आखूड मुठीचं, त्याला दोन्ही बाजूंना रबर लागतं. रबरात पुन्हा चिकट आणि उसळीचं. आतला स्पंज पातळ, मध्यम, जाड. मोबाइलवर पोरं व्हिडिओ करून सांगतात. एक म्हणतो चिकटच घ्या, चेंडूला फिरकी बसते. दुसरा म्हणतो वय झालं असेल तर चिकटच्या वाटेला जाऊ नका, त्याला अंगाचा जोर लागतो. दोघंही पंचविशीच्या आतले. माझं वय झालं आहे की नाही हे त्यांनीच ठरवायचं, असं दिसतं.

अशा वेळी माणूस ज्यानं शिकवलं त्याला विचारतो. मी तुम्हाला काय विचारणार? तुम्ही जिवंत होता तेव्हाही माझ्या प्रश्नाला तुमचं एकच उत्तर असायचं. "धर आन् खेळ."

गोसीखुर्द धरणावरची आपली ती कॉलनी आता ओळखू येत नाही. धरणाचं पाणी पाहायला लोक गाड्या घेऊन येतात. क्वार्टर्सच्या बाजूला कुणी वळत नाही. पण मला क्लबची खोली जशीच्या तशी दिसते. मे महिना, संध्याकाळ, आणि चेंडू उडतो म्हणून पंखा बंद. तुम्ही दिवसभर कार्यालयात धरणाचे नकाशे ट्रेस करून आलेले, बनियनवर, खांद्याला टॉवेल. करडीची शेती काकांच्या हवाली करून तुम्ही नोकरीत आलात, आणि इथे येऊन बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं मागे ठेवलेल्या बॅटीच्या प्रेमात पडलात. मी बारा-तेरा वर्षांची. टेबलावर वाकले तरी माझा हात जेमतेम जाळीपर्यंत पोचतो आहे. तुमच्या हाताला बसलेला कॉर्क माझ्या बोटांना मोठा होतो, म्हणून एका रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात बसून तो कानशीनं घासता. ऑफिसातलं पेन्सिल तासायचं पातं, पॉलिश पेपर, पुन्हा माझा हात धरून माप. कॉर्कचा भुसा परातीतल्या कणकेत उडतो आणि आई ओरडते, "बाहीर जाऊन करा ना, का लाकूड खाऊ घालता का लेकरायले?" तुम्ही ऐकतच नाही. बॅट माझ्या हातात देता, बोट खाचेत बरोबर बसतं, आणि तुम्ही म्हणता, "आता हे तुही. मी दुसरी पाह्यतो." दुसरी तुम्ही कधी घेतली नाही. त्यानंतर तुम्ही क्लबातल्या फाटक्या रबराच्या बॅटीनं खेळायचा आणि तरी मला हरवायचा.

हे मी विसरलेले नाही. पण त्याच क्लबातली दुसरी संध्याकाळही विसरलेले नाही. डाव्या बाजूला येणारा चेंडू आपल्या पकडीनं नीट मारता येत नाही, नुसता अडवता येतो. एकदा वैतागून मी मनगट फिरवलं आणि बॅटीच्या मागच्या बाजूनं, उघड्या लाकडानं, चेंडू हाणला. टेबलावर पडलाही तो, चांगला वेगात. तुम्ही सरळ टेबलाला वळसा घालून आलात आणि माझ्या हातातून बॅट काढून घेतलीत.

"लाकडानं मारते? हे बॅट होय का कपडे धुवाची मोगरी? नियमात नाही बसत."

"मंग मांगूनही रबर लावून द्या ना."

"नाही."

"काहून?"

"काहून म्हंजे? चेंडू डावीकडं आला त पायानं तिथी जायचं आन् पुढूनच मारायचं. पाय कायले देल्ले तुले?"

त्या वर्षी पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर आपल्यासारखीच पेनाची पकड धरून दोन्ही बाजूंना रबर लावायचा. मागच्या बाजूनं असा मारायचा की समोरच्याला चेंडू दिसायचाच नाही. तो मला दाखवायला तयार होता. तुम्ही मला त्याच्याशी खेळू दिलं नाहीत. म्हणालात, सवय बिघडते. मी ऐकलं. पायानं खेळले. डाव्या कोपऱ्यात धावायचं, फोरहँड मारायचा, लगेच उजवीकडे परत धावायचं. आंतरशालेय स्पर्धा जिंकले, पवनीच्या कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाच्या संघाच्या निवडीला नागपूरला बोलावणं आलं.

तो दिवसही मला आज वर्तमानकाळातच आठवतो. मी चांगली खेळते आहे. प्रशिक्षक मला बाजूला घेतात, तुम्हालाही हाक मारतात. म्हणतात, पोरगी चपळ आहे, पण प्रत्येक जण हिला डाव्या कोपऱ्यात पकडणार. शेकहँड धरायला लावा, नाहीतर मागच्या बाजूला रबर तरी लावा. तयार असेल तर शिबिरात घेतो. ते माझ्याकडे पाहून विचारताहेत, बाबा. माझ्याकडे पाहून. मी तोंड उघडते आणि तुम्ही बोलता. "तिची पकड हेच आहे सर. नाही बदलणार ते."

ते खांदे उडवून दुसऱ्या मुलीकडे गेले. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होता. उमरेडच्या स्टँडवर खाली उतरून पेरू आणलेत, मीठ लावलेले, एक मला दिलात. मी खाल्ला नाही. तुम्ही विचारलंही नाही की का खात नाहीस. त्यानंतर काविळीनं तुम्ही गेलात तोवर आपण खूप खेळलो, खूप बोललो, माझ्या लग्नाचं बोललो, भावाच्या नोकरीचं बोललो, त्या दिवसाचं एक अक्षर नाही.

आता बॅट तुटल्यावर हे सगळं वर आलं. खात्याच्या जिल्हा स्पर्धा तोंडावर होत्या. गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरतात. डॉक्टर म्हणाले, खेळा, पण उड्या कमी. उड्या कमी म्हणजे तुमचा खेळच कमी. ती लेखा विभागातली मुलगी रोज विचारायची, "ताई, मांगून रबर काहून नाही लावत तुम्ही? आता तं सगळेच लावतेत." मी तिला सांगायची, सवय बिघडते. एक दिवस हे वाक्य बोलताना माझंच मला ऐकू आलं आणि इतकी चीड आली की तिथल्या तिथे मोबाइल काढून चिनी ब्लेड मागवलं. पुढच्या बाजूला चिकट लाल रबर, मागच्या बाजूला मऊ, पातळ स्पंजाचं काळं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून चिकटवायला बसले. गोंद लाकडाला लावायचा, रबराला लावायचा, वाळू द्यायचा, मग हवा राहू न देता बसवायचं. बसवताना वरून लाटणं फिरवत होते. आई आता माझ्याकडेच असते. ती बाजूला बसून मटार सोलत होती. शेंगा खाली ठेवून तिनं विचारलं.

"हे दोहीकडून कायले लावून राहिली?"

"मागूनही मारता यावं म्हणून."

"तुह्या बाबाले नाही जमलं ते कधी," आई सहज म्हणाली.

मी लाटणं थांबवलं. "काय नाही जमलं?"

"हेच. मांगून मारनं. तो पुन्याचा इंजिनिअर नोहोता का? त्याची बॅट उसनी घेत, आन् तुमी पोरं शाळेत असले का ऑफिसच्या जेवनाच्या सुट्टीत क्लबात जाऊन मारत बसत. महिनाभर केलं असंन. चेंडू कुठीच्या कुठी जाये. क्लबातला शिपाईही हासे. मंग एक दिवस घरी आले आन् म्हणे, ते काही खरा खेळ नाही." ती हसली. "लय राग आल्ता त्यायले."

आईच्या दृष्टीनं ही गमतीची गोष्ट. ती पुन्हा मटार सोलायला लागली. मी मागचं रबर हातात धरून बसले, गोंद फारच वाळून गेला, पुन्हा काढून पुन्हा लावावा लागला. बाबा, एवढंच होतं? मी इतकी वर्षं समजत होते की यात काही तत्त्व आहे. पायानं खेळणं म्हणजे प्रामाणिक खेळणं, मनगटानं मारणं म्हणजे पळवाट, असं मी स्वतः ऑफिसातल्या पोरींना शिकवलं आहे. आणि तुम्हाला ते फक्त येत नव्हतं. येत नव्हतं तर तसं म्हणायचं. "मले नाही जमत, तू पाह्य जमते का," इतकं म्हणायला काय लागतं? नागपूरला त्या प्रशिक्षकांसमोर इतकं म्हटलं असतं तरी मी शिबिरात गेले असते. तिथे जाऊन हरलेही असते. पण ते माझं हरणं असतं.

हे लिहून पेन खाली ठेवलं होतं. चहा करून आले. राग तसाच आहे, पण आणखी एक सांगायला हवं. आईनं सांगितल्यापासून तुम्ही मला त्या दुपारच्या क्लबात एकटे दिसता. पंखा बंद, त्या इंजिनिअरची बॅट हातात, चेंडू पुन्हा पुन्हा कोपऱ्यात जातो आहे आणि तुम्ही वाकून उचलता आहात. मला कीव करायची नाही, तुम्हालाही ती आवडली नसती. मला फक्त तिथे समोर उभं राहून चेंडू टाकायचे होते. आपण दोघंही शिकलो असतो.

स्पर्धा झाली. नवी बॅट जड आहे, दोन रबरांची ती जडच होणार. संध्याकाळपर्यंत मनगट ठणकतं. चिकट रबर माझ्या हाताला मंद पडतं, ते बहुतेक बदलावं लागेल, म्हणजे पुन्हा ते व्हिडिओ आणि ती पोरं. उपांत्य फेरीत समोर लेखा विभागातली तीच मुलगी आली. तिला माझा डावा कोपरा तोंडपाठ. पहिल्या गेममध्ये मागच्या बाजूनं मारलेले बहुतेक चेंडू जाळीत गेले. दुसऱ्यात मी चिडून पुन्हा पायानं खेळायला लागले, धावले, गुडघा आखडला, तोही गेम गेला. तिसऱ्यात धावायला पाय उचललाच नाही, नाइलाजानं उभ्या जागी मनगट फिरवलं, आणि चेंडू तिच्या बॅटीला न लागता पार झाला. ती ओरडली, "ताई, हे कुठी लपवून ठेवलं होतं?" तो गेम मी घेतला. पुढचा हरले, सामना हरले. हात मिळवताना ती म्हणाली, पुढल्या वर्षी तुमच्यासमोर यायचं नाही मला. घरी येऊन गुडघ्याला बर्फ लावला आणि आईला सांगितलं हरले म्हणून. ती म्हणाली, "जमलं का पन ते?" मी म्हटलं, थोडं.

हे पत्र कुठे पाठवणार, हा प्रश्नच नाही. पण पत्ता असता तरी पाठवलं नसतं. कारण तुमचं उत्तर आलं असतं, नेहमीसारखं एका ओळीचं, "काढून टाक ते मांगचं." आणि बाबा, इतकं सगळं लिहूनही मला खात्री नाही की मी ते काढलं नसतं.