प्लास्टिकमधला परवाना

ता. ३ मार्च

चि. धाकटीस,
ताईचे आशीर्वाद, आणि एक धपाटा. तो भेटल्यावर.

तुझं पत्र वाचलं. थंडीत एकदा गाडी घसरली, खांबाला तिचा गाल घासला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि तू गाडी विकून मोकळी झालीस? नर्स ना तू? लोकांना सुया टोचताना हात हलत नाही आणि स्टिअरिंग बघून घाम फुटतो. आता मेट्रन सांगते की घरोघरी जाऊन पेशंट बघायची नोकरी तुझीच, फक्त पुढच्या महिन्यात तिला गाडी चालवून दाखव. नाहीतर आहेच तुझी ती फायलींची खोली. तिथे बसून तू फायलींसारखीच पिवळी पडशील.

म्हणून मी येतेय. तिकीट काढलं. भाड्याची गाडी घेऊ. मी चालवते, तू शेजारी नुसती बस. बसून बसून भीती जाईल. लॉण्ड्रीचा टेम्पो मी इतकी वर्षं हाणतेय, तुमची ती छोटी गाडी म्हणजे खेळणं.

नको म्हणायला पत्र लिहू नकोस. लोभ आहे, तो काय विचारायचा?
तुझी ताई

ता. १० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

धपाटा आत्ताच पोचल्यासारखा वाटला. तू येणार म्हणून रात्रभर आनंदाने झोप नाही, आणि तू इथे गाडी चालवणार म्हणून काळजीने नाही.

एक महत्त्वाचं. नुसत्या लायसनवर इथे भाड्याची गाडी देत नाहीत. आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि तो लायसन जिथलं तिथेच मिळतो, इथे येऊन काही करता येत नाही. छोटी पुस्तिका असते. आत तुझा फोटो, कुठली वाहनं चालवू शकतेस त्याचे शिक्के. लायसनबरोबर दाखवायची. घरबसल्या काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, ऑफिसातूनच काढ. आणि इथे गाड्या आपल्या उलट बाजूने चालतात. हॉर्नही कुणी वाजवत नाही, वाजवला तर शिवी दिल्यासारखं बघतात. तुझी फार उपासमार होणार आहे.

ताई, कुठेही ने, पण ते खांबाचं वळण नको. तेवढं ऐक.

भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी

ता. १९ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

परवाना मिळाला. खिडकीवरच्या माणसाने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, परदेशात गाडी कोण चालवणार, साहेब का? मी म्हटलं, साहेबांना सायकलसुद्धा धड येत नाही. मग मुकाट्याने शिक्के मारले. आतला फोटो बघशील तर पोलिसांना बोलावशील.

घरी आल्या आल्या तुझ्या भावोजींनी तो हातातून घेतला. आमचं माहीत आहे ना तुला? टाकी फुटून कपाटातल्या कागदांचा लगदा झाला, तेव्हापासून या घरात कागद उघडा राहत नाही. यांच्या झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशनचं मशीन आहेच, बाहेर गिऱ्हाईक ताटकळलं तरी घरचा कागद आधी आत. तुझा शाळेचा दाखला, आमचा लग्नातला फोटो, यांच्या गोळ्यांची चिठ्ठी, सगळं प्लास्टिकमध्ये. परवाना निघताना देतो म्हणाले. त्यांचा जीव आहे बिचाऱ्यांचा.

वळणाचं बघू.
तुझी ताई

ता. २९ मार्च

दुकानदारांस,
सौ.चा नमस्कार. कोपरापासून.

भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर मी लायसन ठेवलं, त्यावर थाटात तुमची कापडी पिशवी उपडी केली. निघताना दिलीत, मी कशाला आत बघते? तिथल्या पोरीने परवाना उचलला, उघडायला गेली. उघडेना. नखाने कड खरवडली, तरी उघडेना. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मिटलेली पुस्तिका मशीनमधून काढलीत तुम्ही! अख्खी! वरून आरशासारखी चकाचक, आणि फोटो, शिक्के सगळे आत गाडलेले. कात्री मागितली. कापलं तर पानं प्लास्टिकला चिकटून फाटली, माझं अर्धं तोंड एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. पोरगी सभ्य. आधी वळून हसून घेतलं, मग मान हलवली. फाटका परवाना चालत नाही, नुसतं लायसनही चालत नाही.

मग तिने धाकटीला विचारलं, तुमचं लायसन आहे का? ही म्हणाली, घरी राहिलं. धडधडीत खोटं. पर्समधून डोकावत होतं, मला दिसलं.

तिला बाहेर बाकावर नेलं. सांगितलं, मी एवढ्या लांब तुझ्या गॅलरीतल्या कुंड्या बघायला आलेले नाही. मला चालवता येणार नाही, तर तू चालव. शेजारी मी आहे. ती रडली. मग तुमच्या नावाने बोटं मोडली. त्यात मीही भर घातली, तेव्हा जरा हसली. मग उठली, आत गेली आणि लायसन काउंटरवर आपटलं.

पहिल्या दिवशी एका रिकाम्या पार्किंगमध्ये गोल गोल. मी इतकी ओरडले की घसा बसला. माझ्या बाजूला ब्रेक नाही तरी दाबून दाबून पोटरीला गोळा आला. पण आज ऐका. मी काही न सांगता तिने गाडी त्या वळणाकडे घेतली. मी गप्प बसले. मी! खांबावर तिच्या जुन्या गाडीच्या रंगाचा ओरखडा अजून आहे. हिने वेग कमी केला, त्याच्याकडे बघितलं आणि पुढे निघाली. पुढे जाऊन म्हणते, ताई, खांब केवढासा आहे गं.

मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

तुम्हाला आल्यावर बघते. गोळ्या चुकवू नका.
तुमचीच, नाइलाजाने

ता. १७ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

मिळाली! दवाखान्याच्या गाडीत मेट्रन शेजारी बसली आणि सबंध वाटेत एक शब्द बोलली नाही. त्यानेच घाम फुटला, कुणी ओरडल्याशिवाय मला आता चालवताच येत नाही. शेवटी मनातल्या मनात तुझा आवाज काढला, मग गाडी नीट गेली. सोमवारपासून माझी फेरी सुरू. पहिला पेशंट त्या वळणापलीकडेच राहतो.

सोबत भाड्याच्या गाडीचा करार पाठवतेय. चालक म्हणून माझं नाव लिहिलंय ते बघ. भावोजींना म्हणावं, एकाच पानाचा आहे, उघडावा लागत नाही. खुशाल प्लास्टिक चढवा.

शेजारची सीट तुझीच आहे, हे विसरू नकोस.
धाकटी

ता. २८ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद. धपाटा माफ.

करार दुकानात दर्शनी भागात लावलाय. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला हे सांगतात की यांच्या मशीनमुळे मेव्हणीला नोकरी लागली. मी काही बोलत नाही, कारण बोलायला तोंडच राहिलेलं नाही.

पण तिकडचे रस्ते मी बघून ठेवलेत. ते सोडायची नाही. नवा परवाना काढून आणलाय, टेम्पोच्या सीटखाली आहे. पत्र आलं की हेच आधी फोडतात, म्हणून त्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस.
तुझी ताई