बंडलावरचा फोटो

बाबा,

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे हे कळलं असतं तर तुम्ही हसला असता. घरचं एक माणूस सांभाळता आलं नाही आणि निघाली जगाला शहाणं करायला. आमच्याकडे दारू सोडायला आलेल्यांना जेवणानंतर एक बिडी मिळते. बंडलं ज्याच्या त्याच्या घरून येतात, कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. दारू सुटते आहे ना, मग बिडीच्या वाटेला जाऊ नका, असं इथले जुने लोक म्हणतात. मला पटत नाही. म्हणून बिडी हातात देण्याआधी मी प्रत्येकाला त्याच्या बंडलावरचा सडलेल्या गळ्याचा फोटो बघायला लावते, खालचा इशारा मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, आज नको म्हणता का? दोघांनी नको म्हटलंही.

तिसरा कळमन्याच्या धान्यबाजारातला हमाल. तो खोकायला लागला की मला समोर बसवत नाही. त्याच्या बंडलावर फोटोच नसतो, दुसऱ्याचा दाखवला की मान फिरवतो. या रविवारी त्याची बायको भेटायला आली तेव्हा बंडलावरचा फोटोचा कागद कोण काढतं म्हणून मी तिला खडसावलं. ती जराही घाबरली नाही. "मीच काढून टाकला, मॅडम. फोटो पाहून त्याले घोर लागते, मंग तो दारूकडेच जाते. आता कुठं सुटून राहिली. बिडीनं कोणाचं घर मोडलं काय?" मी तिच्या हातून बंडल घेऊन कपाटात ठेवलं.

तुमची दारू सुटली त्या वर्षी मी सदरला एका ऑफिसात टायपिस्ट होते. येताना तुमचं बंडल आणायचे. एकदा तो फोटो पाहून तुम्ही ताटावरून उठलात आणि गप्प बसलात. तुम्ही गप्प बसलात की संध्याकाळी कुठे जाता हे घरात सगळ्यांना पाठ होतं.  दुसऱ्या दिवसापासून मी जिन्यातच कागद सोलून फेकायचे आणि दोऱ्याने बांधलेल्या नुसत्या बिड्या तुम्हाला द्यायचे. तुम्ही आईला म्हणायचात, "पाहून राहिली का वं, पोरगी किती समजदार निघाली." मी फुगायचे. त्या कौतुकाची आता शिसारी येते.

पुढे गळ्यात गाठ निघाली तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढा मोठा फोटो असतो, कधी दिसला नाही? तुमचा आवाज तोवर निम्मा गेला होता. "माह्या बंडलावर नव्हता, साहेब." त्यांना ते खोटं वाटलं, तुमच्यावर चिडले. मी खाटेशीच उभी होते. बोलले नाही. दहा वर्षं झाली.

उद्या त्या बाईला परत बोलावलं आहे. हे सगळं सांगितल्याशिवाय ती ऐकायची नाही, आणि हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. त्याचा खोकला रोज वाढतो आहे. काय करू, बाबा? हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्हाला आधी सांगितलं ते एवढ्यासाठीच, की तुम्ही आता रागावू शकत नाही.