दिवाबत्ती निम्मी-निम्मी

मी, शकुंतला महिपती म्हात्रे, वय सत्तरीच्या पुढे, राहणार रामवाडी, पेण, जिल्हा रायगड, पूर्वी बालवाडीत शिकवत असे, आता घरीच, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, आणि ज्याला तरीही शंका असेल त्याने समोर बसून माझ्याशी पाढे म्हणून पाहावेत. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, असंही इथे लिहायची पद्धत आहे. ते मला खरेपणाने लिहिता येत नाही. दबाव आहे, आणि तो कशाचा हे कलम दोनमध्ये येईल.

कलम १. माझ्या मालकीचं जे आहे ते. सासरे कै. काळुराम म्हात्रे यांनी बांधलेल्या घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग, ओटीसकट. वाटणीत तो माझ्या यजमानांकडे आला आणि त्यांनी हयातीतच रीतसर माझ्या नावे केला. घरपट्टीही माझ्याच नावाने येते. पश्चिमेकडचा अर्धा भाग धाकटे दीर हैबतराव यांचा. मध्ये एक भिंत आहे. पलीकडचा एसी सुरू झाला की अलीकडच्या फडताळातल्या वाट्या किणकिणतात, एवढीच तिची जाडी. याखेरीज दोन बांगड्या, बँकेत थोडी शिल्लक, आणि कलम तीनमधल्या वस्तू.

कलम २. विजेचा मीटर. हा माझ्या मालकीचा नाही, तरी त्याच्याबद्दल लिहिणं भाग आहे, कारण माझं आयुष्य त्याच्यावरच फिरलं.

वाटणी झाली तेव्हा चुली वेगळ्या झाल्या, विहिरीवरच्या पाळ्या ठरल्या, नारळाची झाडं वाटून घेतली. मीटर मात्र एकच राहिला, भावोजींच्या ओटीवर, सासऱ्यांच्या नावाने. त्या वेळी दोन्हीकडे एकेक बल्ब आणि देवापुढे एकेक समई, एवढाच उजेड होता. पंचांनी गावदेवीपुढे नारळ ठेवला, दोघा भावांनी त्यावर हात ठेवला, आणि पंच बोलले, "काळूच्या दोन्ही घरांत दिवा लागतोय तवर दिवाबत्ती निम्मी-निम्मी." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

पुढे त्या दिवाबत्तीत पंखे शिरले, फ्रिज शिरला, गिझर शिरला. भावोजींच्या मुलाचं लग्न झालं तसा एसी आला, मग त्याला जोडीदार म्हणून दुसरा आला. बिल निम्मं-निम्मंच. दोन्ही घरांची युनिटं एकत्र मोजली जातात, म्हणून दरही वरच्या पायरीचा लागतो. एकटीचा मीटर असता तर मी खालच्या पायरीवर निवांत बसले असते. मी काटकसर करून पाहिली. फ्रिज विकला. पंखा बंद करून ओटीवर निजू लागले. भात एक उकळी आली की तुसाने भरलेल्या पेटीत घालून आतल्या उबेवर मुरवला, अंघोळीचं पाणी बंबात झावळ्या घालून तापवलं. फ्रिज विकला त्याच महिन्यात पलीकडे दुसरा एसी लागला आणि बिल चढलं ते चढलंच. मी वाचवते त्यातला अर्धा फायदा त्यांचा, ते जाळतात त्यातला अर्धा भार माझा. हे मी बालवाडीतल्या पोरांना समजावू शकले असते, भावोजींना नाही. एका दिवाळीला मी त्यांच्या घरात माझ्या पदरच्या पैशाने एलईडी दिवे लावून दिले. आठवड्याने पाहते तर जुन्या ट्यूबा जागेवर. "डोळं दुखतात गो वहिनी," म्हणाले. आपला हात जगन्नाथ म्हणतात, पण हात दुसऱ्याच्या बटणापर्यंत पोचत नसेल तर काय करायचं?

भावोजी वाईट माणूस नाहीत, हेही इथे नोंदवते. यजमान आजारी होते तेव्हा पनवेलच्या दवाखान्यात दर खेपेला यांनीच नेलं, कधी कुरकुर केली नाही. पण मीटर वेगळा करू म्हटलं की त्यांचे डोळे भरतात. "बिलावर बापाचं नाव येतंय वहिनी. त्ये एकच तर ऱ्हायलंय. त्ये काडलं मंग आपलं घर एक कशानं म्हनायचं?" बिल आलं की ते आधी देव्हाऱ्यात ठेवतात, त्यावर कुंकू वाहतात, आणि मग निम्मे पैसे मागायला माझ्याकडे येतात. माझ्या मुलाने, निकेशने, छपरावर सौर पॅनेल बसवायचं काढलं होतं. तिथेही आधी बिलावरचं नाव बदलावं लागणार होतं. तो विषय त्याच दिवशी बुडाला.

वीज कार्यालयात मी स्वतः जाऊन आले. ते म्हणाले, घरपट्टी तुमच्या नावे आहे, वेगळ्या मीटरचा अर्ज करा. कायद्याने माझं काही अडलेलं नाही. अडलं आहे ते नारळापाशी. यजमान जाताना माझा हात धरून म्हणाले, "शकू, शब्द माझा हाय. मोडू नको." मी "व्हय" म्हटलं. त्या एका "व्हय"ने मला या घरात कोंडून ठेवलं आहे.

त्या वेळच्या पंचांपैकी दिनानाथकाका पाटील तेवढे आज हयात आहेत. त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "आम्ही तेल-वात धरली व्हती गो, ह्यो एशी कुठं धरला व्हता? पन नारळ मी एकटा कसा उचलू? हैबतनं सोडला तर शब्द सुटंल. नायतर घरात दिवाच नसंल तवा संपंल." मी घरी आले आणि मेन स्विच बंद केला. म्हटलं, घ्या, आता दिवा नाही. तिन्हीसांजेला भावोजी दारात येऊन आत वाकून बघतात. "देवापुढं समई हाय ना? मंग दिवा लागतोय." जिवंतपणी मी देवाला अंधारात ठेवू शकत नाही. मेन पुन्हा सुरू केला.

कलम ३. वस्तू. तांब्याचा बंब सून नमिता हिला. तो चिंचेने घासावा, पावडरीने नाही. तुसाची पेटी भावोजींची सून समीक्षा हिला, त्या घरात ती एकटीच अशी, जिने "काकी, ह्यात भात कसा होतो?" असं विचारलं. बांगड्या आणि दिवसकार्य होऊन उरेल ती शिल्लक मुलगा निकेश याला. माझा ताडाचा हातपंखा भावोजींना द्यायचा होता. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून तो आजच त्यांच्या हातात दिला. वापरावाच अशी सक्ती नाही. भिंतीवर टांगावा, एसीच्या वाऱ्याने हलेल.

कलम ४. घर. माझा अर्धा भाग मी संपूर्णपणे नमिता निकेश म्हात्रे हिच्या एकटीच्या नावे करते. निकेशला वाईट वाटेल. वाटू दे. तो रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये आहे. रात्रपाळी करून आला की दिवसा झोपायला पंखा लागायचा, आणि पंखा लागला की बिलावरून बोलणं व्हायचं. शेवटी दोघं रोह्याला भाड्याच्या खोलीत गेली. निघताना नमिता माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, हितं बटन दाबताना पन वाटतं कोनाचं तरी चोरतेय. सोताचा मीटर आसंल त्या दिवशी मी परत येईन." तिने रागाने म्हटलं नव्हतं. ती गेल्यापासून घर मला खायला उठतं. माझी पोरं या घरात परत यावीत, एवढीच माझी इच्छा आहे. पण घर द्यायचं म्हणजे त्या निम्म्या बिलासकट द्यायचं, आणि ते मला करायचं नाही. म्हणून पुढचं कलम.

कलम ५. दिवा. आमच्यात माणूस गेलं की जिथे जीव गेला तिथे पीठ पसरून त्यावर दहा दिवस दिवा तेवत ठेवतात, गेलेल्याला वाट दिसावी म्हणून. माझ्यासाठी तो दिवा लावू नये. सुतकात देवापुढे तसाही दिवा लागत नाही. मेन बंद करावा, घराला कुलूप लावावं आणि सुतक माझ्या पोरांनी दिनानाथकाकांच्या पडवीत पाळावं. काकांनी रोज संध्याकाळी येऊन माझं घर काळोखात आहे हे पाहावं. दहावा झाला की शब्द संपला, असं त्यांनी चारचौघांत सांगावं आणि अकराव्या दिवशी नमिताने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. यजमानांचा शब्द मी मोडलेला नाही. तो मी पुरा केला.

मला काळोखाची फार भीती वाटते. लहानपणापासून वाटते. हे कोणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवलं.

साक्षीसाठी आज दोघांना ओटीवर बोलावलं. भावोजींनी चष्मा लावून हे सगळं एकेक ओळ वाचलं. पाचव्या कलमाशी आले आणि कागद मांडीवर ठेवून म्हणाले, "काळोखातनं कशी जाशील गो वहिनी?"

"डोळं मिटल्यालंच असतील, भावोजी."

दिनानाथकाका म्हणाले, "हैबत, अजून येळ हाय. सोडला म्हन. तुझ्या तोंडून निघालं की सुटली ती."

भावोजी पलीकडे त्यांच्या ओटीवरच्या मीटरकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. मी वाट पाहिली, खोटं कशाला लिहू, खूप आशेने पाहिली. मग त्यांनी डोळे पुसले आणि सही कुठं करायची ते विचारलं.

ठिकाण : रामवाडी, पेण
दिनांक : १४ मार्च २०२५

लिहून ठेवणार : शकुंतला महिपती म्हात्रे (सही)

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. दिनानाथ पाटील (डाव्या हाताचा अंगठा)
२. हैबतराव काळुराम म्हात्रे (सही)