अकरावा रकाना

१४ नोव्हेंबर

चारशे बारा फॉर्म! मंजिरीने काल दोन थैल्या आणल्या आणि दिवाणावर ओतल्या. "तुला वाचायची हौस आहे ना आई? घे, वाच." तिच्या ऑफिसातल्या मुलांना हाताने लिहिलेली हिंदी लागत नाही म्हणे. मला लागते. मी दहावी नापास बाई, पण ह्यांच्या छापखान्यातली कच्ची पानं तीस वर्षं वाचली आहेत. कसलंही अक्षर चालतं.

चोवीस गावं. मोहरी काढल्यावर शेतात उरलेल्या काडांचं काय करता, ते विचारलंय. मी वाचायचं आणि कॉम्प्युटरवर आकडे भरायचे.

१६ नोव्हेंबर

हे सगळं कशासाठी, असं लेकीला विचारलं. जैव-अर्थव्यवस्था, म्हणाली. पेट्रोल-कोळसा सोडायचा आणि जमिनीवर जे उगवतं त्यावर देश चालवायचा. काडांचा गॅस, भुशाच्या फळ्या. तिचं मॉडेल म्हणजे एक प्रोग्राम — कुठे किती पिकतं, घरी किती लागतं, किती फाजील उरतं, कारखाना टाकला तर टिकेल का, ते सांगतो. टिकणार असेल तर ते गाव नकाशावर हिरवं. नाहीतर लाल.

ऐकून बरं वाटलं. हे असते तर त्यांनी तिच्याकडून तीन-तीनदा समजावून घेतलं असतं.

१९ नोव्हेंबर

अकरावा रकाना बहुतेक फॉर्मांत कोरा. "घरगुती वापर, क्विंटल." मंजिरीला फोन केला. ती घाईत. "शून्य टाक ना आई. खाली छोड़ दिया तो पूरी शीट अटक जाती है."

टाकलं. तीनशे एकाहत्तर वेळा.

छापखान्यात हे मूळ प्रत मोठ्याने वाचायचे आणि मी छापील पानावर बोट ठेवून बघायची. ते काम दोघांचं. आज मीच वाचलं, मीच बघितलं. कोरी जागा दिसली की ह्यांची पेन्सिल आधी समासात प्रश्नचिन्ह काढायची. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अजून वाटतं, आतून ओरडतील — थांब, पुन्हा वाच.

८ जानेवारी

मॉडेल मंजूर! मंजिरी तीळ-गुळाची गजक घेऊन आली, नकाशाही छापून आणला. चोवीसपैकी बावीस गावं हिरवी. ती गेल्यावर मी रामश्रीला बोलावलं. रामश्री माझ्याकडे भांडी-पोछ्याला येते, रोज टेम्पोने, त्यातल्याच एका गावातून. म्हटलं, बघ, तुझं गाव सर्वांत हिरवं.

"काहे को हरो है अम्मा?"

तुमच्याकडे मोहरीची काडं फाजील आहेत म्हणून.

ती हसायलाच लागली. "फालतू? साल भर चूल्हा काहे से जरत है हमारो?"

सिलिंडर आहे ना?

"है तो। मेहमान आत हैं तब जरत है।"

मग फॉर्मात सांगितलं का नाही?

"हमसे काऊ ने पूछी? चौपाल पे आदमिन से पूछी। बे का जानें चूल्हा की!"

गजक चांगली आहे म्हणाली, नातीला दोन तुकडे बांधून नेले. बाकीची मी डब्यात ठेवली.

९ जानेवारी

मॉडेलची मार्गदर्शिका मंजिरीने माझ्याकडे ठेवलीय. एकशे चाळीस पानं. दिवसभर तीच वाचली. अर्धी समजली, पण पान ३१ पूर्ण समजलं. पिकातून चारा वजा, घरगुती वापर वजा, जमिनीत परत जातं ते वजा. उरेल ते फाजील.

वजाबाकी बरोबर आहे. त्यात शून्य माझं आहे.

११ जानेवारी

मंजिरीला घरी बोलावून घेतलं. म्हटलं, माझ्यासमोर चालव. रामश्री रोज सहा-साडेसहा किलो काडं जाळते, वर्षाचे बावीस ते चोवीस क्विंटल. कोऱ्या रकान्यांपैकी निम्म्या घरांना तेवढंच टाकून बघ.

तिने टाकलं. नकाशा लाल झाला. फक्त दोन गावं हिरवी राहिली.

तिने आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाली, "एका बाईच्या सांगण्यावर मॉडेल बदलत नाहीत, आई."

"दहा बायकांना विचार मग."

"अब नहीं हो सकता. सह्या झाल्या सगळ्यांच्या."

परत शून्य केलं. परत हिरवं. चहा न घेताच उठली. दारात वळून — "कोणाकडे बोलू नकोस हं."

२ फेब्रुवारी

मंजिरीचा फोन. "ते फॉर्म रद्दीत देऊन टाक." हो म्हटलं. रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं दिली. फॉर्म दिवाणाच्या पोटात आहेत. पोटच्या मुलीशी खोटं बोलले — पहिल्यांदाच.

१५ मार्च

रामश्रीच्या गावात कारखान्याचं मशीन आलं. काडं गोळा करतं, दाबतं आणि गठ्ठे बांधून बाहेर टाकतं. मुलं मागे धावत होती म्हणे. तीन दिवसांत शिवार साफ. दर वर्षी घरामागे काडांची गंजी रचतात, पावसाळ्यासाठी वरून शाकारतात. या वर्षी घरामागे कुत्री झोपतात, म्हणाली. काडांचे पैसे मिळाले म्हणून पुरुष खूश आहेत. तिच्या जाऊबाईने एक गाडी काडं अडवली तर नवऱ्याने चारचौघांत हात उगारला.

हे सगळं ती हसूनच सांगते.

६ एप्रिल

आता सगळ्या घरी शेणाच्या गोवऱ्या. शेतात टाकायला शेण उरत नाही. मी मार्गदर्शिकेचं पान ८८ काढलं. शेणखत "जमिनीत परत" असं धरलंय, पूर्णच्या पूर्ण. म्हणजे खत नाही, पुढे मोहरी कमी, काडंही कमी. कारखान्याची भूक तेवढीच. शून्य एका रकान्यात राहिलेलं नाही. चालत निघालंय.

१० एप्रिल

रामश्री आली नाही.

१३ एप्रिल

आली. डोळे लाल. गोवऱ्या ओल्या होत्या म्हणून सुनेने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या चुलीत घातल्या. नातीचा खोकला थांबत नाही, दोन रात्री दवाखान्यात होते. डॉक्टरने धूर म्हणून सांगितलं. पाच वर्षांची आहे.

"अबै जे हाल है। चौमासे में का जराहैं, अम्मा?"

पावसाळ्यात काय जाळायचं, हे तिने पातेलं घासता घासता विचारलं. शून्य कोणी लिहिलं ते तिला ठाऊक नाही. मी ओट्याशी उभी होते. धुतलेली भांडी पुसत राहिले.

१९ एप्रिल

मंजिरी आली ती आनंदात. नऊ जिल्हे! हेच मॉडेल, हाच फॉर्म, प्रमुख ती. पंचवीस तारखेला समिती बसते आहे. "खुश नहीं हो क्या?"

मी रामश्रीच्या नातीचं सांगितलं. म्हटलं, समितीला एकदा सांग. चूक झाली म्हण. माणसं ऐकतात.

"ऐकतील! आणि दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. बाबा गेल्यावर कशी उभी राहिले मी, माहीत आहे ना तुला? त्याच कामावर माझं नाव आहे."

"मुलीच्या छातीत धूर आहे, मंजिरी."

ती उठली. पर्स घेतली. मग एकदम — "आणि शून्य लिहिलं कोणी? तूच ना!"

खरं आहे.

२० एप्रिल

आज काही वाचलं नाही.

२२ एप्रिल

कोऱ्या रकान्याचे सगळे फॉर्म, चुलीत किती काडं जळतात त्या कागदावर रामश्रीने आणलेले तिच्या गावच्या एकवीस बायकांचे अंगठे-सह्या आणि माझं पत्र. रिक्षा करून फूलबागेकडच्या पोस्टात गेले, समितीच्या पत्त्यावर पार्सल केलं. पत्रात लिहिलंय — शून्य मी लिहिलं, लिहायला माझ्या मुलीने सांगितलं, आणि जानेवारीपासून आम्हा दोघींना माहीत आहे. दोघींची नावं पूर्ण लिहिली.

मंजिरीचा आत्ताच फोन आला. राग गेलाय. सात वाजता जेवायला येते आहे, वरण-भात कर म्हणाली.