दादाचा निळा शर्ट

अल्लीपूर, ११ फेब्रुवारी १९७९

आज कापसाचा शेवटचा वेचा झाला. वेचताना हात ओरबाडू नयेत म्हणून सगळ्याच बाया लुगड्यावर माणसाचा जुना शर्ट घालतात. मी मात्र लहानपणापासून वर्षभर त्या शर्टाचीच वाट पाहते. दादाचा निळा शर्ट घातला की अंगावरचं कापड माझं वाटतं. मैत्रीण सुमन माझ्या बाहीची बटनं लावून देते. तिचा हात तिथंच राहावा, असं मला काऊन वाटतं? कोणाला विचारू?

संध्याकाळी आई खुशीत म्हणाली, "वर्ध्याचं स्थळ पक्कं झालं. दुकानवाले आहेत, वावर नाई. तुले आता कधीच कापूस वेचा लागणार नाई."

शर्ट धुऊन वाळत टाकला होता. ओलाच घातला. बाहीचं बटन एका हातानं लागलं नाही.